‘लागणे’ आणि ‘घेणे’ : मराठीतील ध्यासवाचक शब्दांच्या इतिहासाविषयी काही विचार

एखाद्या विषयाने, व्यक्तीने वा कार्याने मनाचा पूर्ण ताबा घ्यावा, दुसरे काही सुचू नये, या अवस्थेला मराठीत जितकी नावे आहेत तितकी फार थोड्या मनोवस्थांना असतील. वेड, पिसे, नाद, छंद, ध्यास, वेध, व्यसन, हव्यास, सोस, हौस, खूळ, गोडी, चट, लळा, व्यासंग ही यादी सहज वाढविता येईल. कोशांतून हे शब्द परस्परांचे पर्याय म्हणून दिलेले आढळतात. परंतु भाषा बोलणारा मनुष्य त्यांची कधी अदलाबदल करीत नाही. दारूचा व्यासंग कोणी करीत नाही आणि व्याकरणाची चट कोणाला लागत नाही. हा विवेक भाषेत केव्हा आणि कसा आला, हा भाषाशास्त्राइतकाच इतिहासाचाही प्रश्न आहे. कारण जुने ग्रंथ व कागद वाचताना आपण आजचा विवेक त्या काळावर लादीत असतो, आणि त्यामुळे माणसांविषयीचे आपले निर्णय चुकतात. प्रस्तुत लेखात या शब्दसमूहाचा सर्वांगीण आढावा घेण्याचा हेतू नाही. त्यांतील काही निवडक शब्दांच्या आधारे एकच मुद्दा मांडावयाचा आहे : या शब्दांचा इतिहास केवळ नामांच्या अर्थात शोधून भागत नाही, नामाबरोबर येणारे क्रियापद पाहावे लागते.

१

प्रथम विद्वानांच्या घरचे शब्द घेऊ. ‘अभ्यास’ आणि ‘व्यसन’ हे दोन शब्द आज दोन टोकांना उभे आहेत. एक विद्यार्थ्याचे भूषण, तर दुसरा त्याचा नाश. परंतु दोहोंचा धातू एकच, फेकणे या अर्थाचा ‘अस्’. ‘अभि’ हा उपसर्ग लागला म्हणजे तीच क्रिया एका लक्ष्याकडे पुनःपुन्हा होते. ‘वि’ लागला म्हणजे ती इतस्ततः विखुरते. ‘व्यसन’ या शब्दाचा संस्कृतातील जुना अर्थ या विखुरण्यातूनच आलेला आहे. तो केवळ वाईट सवयीपुरता मर्यादित नव्हता. कौटिलीय अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात ज्या ‘व्यसनां’चा विचार आहे त्यांत राजा, अमात्य, कोश, दंड इत्यादी राज्यांगांवर येणारी संकटेही आहेत. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने टाळावयाची अठरा व्यसने सांगितली आहेत. त्यांपैकी दहा कामज व आठ क्रोधज होत; आणि कामज व्यसनांत मृगया, द्यूत व मद्य यांच्या पंक्तीला नृत्य, गीत व वाद्यही बसविलेले आहे. राजाचे चित्त ज्या ज्या वस्तूने राज्यापासून दूर फेकले जाईल ती वस्तू म्हणजे व्यसन, अशी ही दृष्टी आहे. वस्तू स्वतः चांगली की वाईट हा येथे गौण प्रश्न ठरतो.

म्हणूनच भर्तृहरीला नीतिशतकात महात्म्यांचे स्वभावसिद्ध गुण सांगताना श्रुतीविषयीचे ‘व्यसन’ निःशंकपणे गणता आले. आजच्या मराठी वाचकास तेथे क्षणभर अडखळल्यासारखे होते. तसे होण्याचे कारण त्या काळच्या संस्कृतात नाही. मध्यंतरीच्या काळात आपल्या भाषेत जे घडले त्यात आहे.

‘व्यासंग’ या शब्दाची कथा याच्या उलट आहे. विद्यापीठीय जगात ‘व्यासंगी’ यासारखी पदवी नाही. परंतु ‘वि’ आणि ‘आ’ हे उपसर्ग लागून ‘सञ्ज्’ म्हणजे चिकटणे या धातूपासून सिद्ध झालेल्या या शब्दाचे संस्कृतातील अर्थ अतिशय आसक्ती, चिकटून राहणे, आणि त्यामुळे चित्ताचे दुसरीकडे गुंतणे असे आहेत. एका ठिकाणी गुंतल्यामुळे समोरच्या वस्तूचे भान नसणे ही त्यातील उणी बाजू संस्कृतात स्पष्ट जाणवते. मराठीने ती गाळली व आसक्तीस विद्येचे अधिष्ठान देऊन तिचा गौरव केला. थोडक्यात, ‘व्यसन’ खाली उतरले आणि ‘व्यासंग’ वर चढला. दोघांचाही प्रवास मनाच्या एकाच अवस्थेपासून सुरू झाला होता.

२

आता लोकांच्या घरचे शब्द पाहू. येथे पहिली लक्षात येणारी गोष्ट म्हणजे त्यांचे क्रियापद. वेड लागते, पिसे लागते, नाद लागतो, छंद लागतो, ध्यास लागतो, वेध लागतात, गोडी लागते, चट लागते, लळा लागतो. ‘लागणे’ म्हणजे मुळात चिकटणे. याच क्रियापदाने मराठी मनुष्य भूक, तहान, ठेच, आग, दृष्ट आणि भूत यांचा निर्देश करतो. आणि योग्याची समाधीही ‘लागते’. या सर्व प्रयोगांत मनुष्य चतुर्थीत जातो : त्याला वेड लागले, तिला ध्यास लागला. वेड कर्ता होतो व मनुष्य त्या व्यापाराचे केवळ स्थान उरतो. ‘झपाटलेला’ व ‘पछाडलेला’ या विशेषणांत तर हे उघडच आहे. भुताने झपाटावे त्याप्रमाणे कल्पनेने झपाटले, असे आपण आजही म्हणतो, आणि त्यात काही उपमा आहे याची जाणीवसुद्धा आपल्याला राहिलेली नसते.

‘पिसे’ हा शब्द या दृष्टीने विशेष बोलका आहे. त्याचे मूळ ‘पिशाच’ या शब्दात आहे. पिसाट, पिसाळणे ही त्याच कुळातील रूपे होत. ‘वेडा’ या शब्दाची छटा निराळी आहे. ‘वेडेवाकडे’, ‘वेडेविद्रे’ या जोडशब्दांत तो आकाराचा बिघाड दाखवितो. म्हणजे ‘वेडा’ तो, ज्याची रीत जगाच्या रीतीशी जुळत नाही. आणि ‘पिसा’ तो, ज्याच्या ठिकाणी दुसऱ्या कोणाची सत्ता चालते. तेराव्या शतकातील महानुभाव वाङ्मयात हे दोन्ही शब्द एकाच पुरुषाच्या संदर्भात जोडीने येतात. चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू ऋद्धिपुरात मुलांसारखे खेळत, एकाएकी हसत वा रागावत, वाटेल त्या घरी जेवत. म्हाइंभटांच्या नावावर असलेल्या त्यांच्या चरित्रात, ज्यास ‘ऋद्धिपूरलीळा’ असेही म्हणतात, गावचे लोक त्यांना वेडे म्हणतात व पिसेही म्हणतात. आणि तेच लोक त्यांना माय व बापही म्हणतात.

आजचा वाचक येथे दोन प्रकारे चुकतो. एक तर तो या शब्दांत निंदा पाहतो आणि लोकांनी थोर पुरुषाचा उपहास केला असे समजतो. नाही तर तो आजच्या ‘ध्येयवेडा’ या शब्दाच्या वजनाने वाचतो आणि त्यात स्तुती पाहतो. त्या ग्रंथात या दोहोंची आवश्यकता नाही. पिसे लागणे ही एक घडलेली गोष्ट आहे. ते कोणाचे पिसे, अंगी कोण वागते, हा पुढचा प्रश्न; आणि त्याच्या उत्तरावर आदर की अनादर हे ठरते. महानुभावांच्या परिभाषेत ईश्वरावताराच्या सान्निध्यात जीवाला जी अनावर ओढ लागते तिला ‘वेध’ म्हणतात, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे. ‘व्यध्’ म्हणजे भोसकणे, आरपार जाणे. ग्रहणापूर्वी लागणारे वेध, वेधशाळेत घेतले जाणारे ताऱ्यांचे वेध, आणि सणाचे लागलेले वेध यांच्या मुळाशी हाच शब्द आहे. दुरून आलेला बाण लागावा तसे काहीतरी लागते. लागणाऱ्याचे कर्तृत्व बाणाकडे असते.

३

हे जर खरे असेल तर एक अडचण उभी राहते. माणसाचे काहीच कर्तृत्व नसेल तर मृगाने पारध्याच्या गाण्याला भुलणे आणि भक्ताने देवाला भुलणे यांत भेद कोणता? हा प्रश्न मराठीत ज्या ग्रंथामुळे सामान्य श्रोत्यापर्यंत पोचला तो म्हणजे एकनाथांची भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका. ती शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ साली, वाराणसीत पूर्ण झाली.

या स्कंधातील अवधूताने केलेल्या चोवीस गुरूंची कथा सर्वश्रुत आहे. तिचा आपल्या विषयाशी असलेला संबंध मात्र पुरेसा लक्षात घेतला जात नाही. या चोविसांत नादाने फसणारा मृग आहे, ज्योतीच्या रूपावर झेपावणारा पतंग आहे, गळाच्या आमिषाला भुलणारा मासा आहे, हत्तिणीच्या स्पर्शासाठी खड्ड्यात पडणारा हत्ती आहे. आणि त्याच मालिकेत बाण घडविणारा कारागीर आहे, ज्याच्या जवळून राजाची स्वारी गाजावाजाने निघून गेली तरी त्याला तिचा पत्ता लागला नाही. भिंतीत कोंडलेला कीटक आहे, जो भयाने कुंभारमाशीचे चिंतन करता करता तिचेच रूप पावतो. पहिल्या चौघांपासून अवधूत काय टाळावे ते शिकतो, शेवटच्या दोघांपासून काय साधावे ते शिकतो. परंतु बाहेरून पाहणाऱ्यास मृग आणि कारागीर यांच्या अवस्थेत तीव्रतेचा काडीइतकाही फरक दिसणार नाही. दोघांनाही भोवतालचे भान नाही. कीटकाच्या बाबतीत तर चिंतनाचे कारण प्रेम नसून भय आहे. तरीही परिणाम इष्टच होतो. फरक आहे तो विषयाचा.

संतवाङ्मयाने मराठी शब्दांचे जे केले त्याची गुरुकिल्ली येथे आहे. संतांनी वेड, पिसे, छंद, व्यसन, वेध हे लौकिकात संशयास्पद असलेले शब्द टाकले नाहीत, त्यांचे ‘लागणे’ही काढून घेतले नाही. त्यांनी फक्त विषय बदलला. संसाराचे वेड असते तेथे विठ्ठलाचे वेड आले. त्यामुळे मराठीत एक असे अंतर्गत द्वैत निर्माण झाले, की यांतील जवळजवळ प्रत्येक शब्द निंदेसाठी व स्तुतीसाठी सारख्याच सहजतेने वापरता येऊ लागला. ‘नाद’ या शब्दाला आसक्तीचा अर्थ येण्यासही मृगाचा हा दृष्टान्त साह्यभूत झाला असावा, असे मला वाटते. पुराण-कीर्तनांतून तो शतकानुशतके कानांवर पडत होता. ध्वनिवाचक शब्दापासून ‘नादी लागणे’ व ‘नादिष्ट’ इथवरचा प्रवास त्यावाचून समजावून घेणे कठीण आहे.

‘ध्यास’ हा शब्दही या धार्मिक वातावरणातच घडला. संस्कृतात ‘ध्यास’ असे स्वतंत्र नाम रूढ नाही. श्रवण, मनन यांनंतरची पायरी म्हणून उपनिषदांत आलेले ‘निदिध्यासन’ मराठीत ‘निदिध्यास’ झाले. दासबोधात ते ‘निजध्यास’ या रूपाने येते. मराठी कानाने ‘निदि’ या अपरिचित अक्षरांच्या जागी ‘निज’ हा ओळखीचा शब्द ऐकला. ‘निज’ वेगळा पडताच उरलेला ‘ध्यास’ स्वतःच्या पायांवर उभा राहिला. वेदान्ताच्या साधनाक्रमातील एक पारिभाषिक शब्द अशा रीतीने घरगुती झाला.

४

फारसी-अरबीच्या संपर्काने या समूहात जी भर पडली तीत ‘षोक’ व ‘हौस’ हे शब्द प्रमुख आहेत. ‘हौस’ हा ‘हवस’ या अरबी शब्दाचा मराठी अवतार. त्याच्या मूळ घरी आणि हिंदी-उर्दूतही या शब्दात लालसेचा, विषयवासनेचा दर्प आहे. मराठीत आल्यावर मात्र तो इतका निष्पाप झाला, की हौसेने मंगळागौर होऊ लागली, मुलींची नावे हौसा ठेवली गेली, आणि धंद्यासाठी नव्हे तर आवडीसाठी नाटक करणाऱ्यांच्या रंगभूमीला ‘हौशी’ हे प्रतिष्ठित विशेषण मिळाले. परका शब्द उंच चढतो आणि ‘व्यसना’सारखा संस्कृत शब्द खाली येतो, या घटनेवरून शब्दाच्या कुळावरून त्याची प्रतिष्ठा ठरते या समजुतीचे निराकरण व्हावे.

उत्तर पेशवाईतील राम जोशी यांचे परंपरेने सांगितले जाणारे चरित्र या काळाच्या दृष्टीवर प्रकाश टाकते. सोलापूरच्या विद्वान घराण्यातील हा मुलगा तमाशाच्या नादी लागला म्हणून थोरल्या भावाने त्याला घराबाहेर काढले. तो पंढरपुरास गेला आणि तेथे त्याने संस्कृताचे अध्ययन केले. पुढे त्याने लावण्यांनी महाराष्ट्र गाजविला, आणि मोरोपंतांच्या सहवासानंतर तो कीर्तनाकडे वळला, असे सांगतात. फडावरचा राम जोशी, पाठशाळेतील राम जोशी व कीर्तनातील राम जोशी या तिन्ही ठिकाणी त्याची शब्दांवरील आसक्ती एकच होती. त्याच्या रचनेतील यमक-अनुप्रासांचा सोसच त्याची साक्ष देतो. परंतु समाजाने पहिलीला नाद म्हटले, दुसरीला अध्ययन आणि तिसरीला भक्ती. येथेही मनोवस्थेला नाव देताना पाहिला गेला तो विषयच.

५

एकोणिसाव्या शतकापासून मात्र एक नवा प्रवाह सुरू झालेला दिसतो. शाळा, छापखाना, वृत्तपत्रे, सभा यांच्या योगाने चारित्र्य ही घडविण्याची वस्तू आहे असा विचार दृढ झाला. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली प्रथम व १८५७ साली सुधारून प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या शतकात या शब्दांची जी फेरवाटणी झाली ती या विचाराला धरून आहे.

‘व्यसन’ शब्दाला मद्यपाननिषेधाच्या चळवळीने एकाच अर्थात आणून बसविले. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ने तो अर्थ घरोघर पोचविला. त्यानंतर विद्येचे व्यसन असे म्हणावयाचे तर ते विनोदाने किंवा विरोधाभास साधण्यासाठीच म्हणावे लागते.

‘छंदा’चा प्रवास अधिक वळणावळणाचा आहे. पालीत ‘छंद’ म्हणजे इच्छा, संकल्प. तेथे कामच्छंद हे साधनेतील आवरण आहे, तर चार इद्धिपादांत पहिला ‘छंद’च आहे. आजारी भिक्षूने संघाच्या कार्याला दुसऱ्याकरवी आपली संमती पाठविणे यालाही विनयात ‘छंद’ देणे म्हणतात. म्हणजे मुळात हा शब्द पूर्णपणे कर्तृत्वाचा आहे. ‘स्वच्छंद’ या शब्दात ती खूण अजून शिल्लक आहे. मराठीत तो ‘लागू’ लागला व परतंत्र झाला. ‘छंदीफंदी’ या जोडशब्दात तर त्याची अधोगती पूर्ण झाली. आणि आधुनिक काळात तो पुन्हा वर आला. टपालतिकिटे जमविणे, बागकाम, छायाचित्रण हे छंद झाले, आणि त्यांच्यासाठी एक नवे क्रियापद आले : छंद ‘जोपासणे’. पिकाची किंवा वासराची जोपासना करावी तशी ही आसक्तीची जोपासना. ज्याने पूर्वी माणसाला धरले होते ते आता माणसाच्या परसात वाढू लागले.

‘ध्यासा’च्या बाबतीत हाच बदल ‘घेणे’ या क्रियापदाने झाला. ध्यास लागणे हा प्रयोग आजही आहे; परंतु त्याच्या शेजारी ‘ध्यास घेणे’ हा प्रयोग आधुनिक गद्यात, विशेषतः थोरांच्या चरित्रांत व गौरवपर लेखांत, फार रूढ झाला आहे. मराठीत आणखी काय काय घेतले जाते? व्रत, वसा, दीक्षा, शपथ. ‘ध्यास घेणे’ म्हणताना आपण ध्यासाला भुताखेतांच्या पंक्तीतून उठवून व्रतांच्या पंक्तीत बसविले आहे. यात लाभ आहे यात संशय नाही. ज्याने ध्यास घेतला त्याच्या कष्टांचे श्रेय त्याला मिळते. परंतु हानीही आहे. ज्याला ध्यास लागला होता, ज्याला तो टाकताच येत नव्हता, त्याच्याही आयुष्याला आपण निवडीचे रूप देतो आणि त्याने भोगलेल्या दुःखाचा एक भाग अदृश्य करतो.

या बाबतीत एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ‘व्यसन’ हा मनुष्याचा नैतिक दोष अशी धारणा गेल्या शतकात पक्की झाली होती. परंतु आता वैद्यकशास्त्र व्यसनाधीनतेला आजार मानते. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’सारख्या केंद्रांच्या कार्यामुळे ही दृष्टी मराठी समाजाच्या परिचयाची झाली आहे. आजारही ‘लागतो’च. शास्त्राने लांबचा फेरा घेऊन त्या जुन्या चतुर्थीला एका अर्थी दुजोराच दिला आहे.

६

शेवटी ज्यांच्या श्रमांवाचून मराठी शब्दांचा आणि मराठी इतिहासाचाही अभ्यास पांगळा राहिला असता, त्या इतिहासाचार्य राजवाड्यांचे उदाहरण घेतो. १८९८ साली पानिपतकालीन पत्रांचा त्यांचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. पुढे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ बावीस खंडांपर्यंत गेली. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. पत्नीच्या अकाली मृत्यूनंतर त्यांनी पुन्हा संसार केला नाही. गावोगाव भटकून दप्तरे शोधली. त्यांनी जुळविलेला धातुकोश त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. १९२६ साली धुळे येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्याविषयीच्या आठवणींत दोन शब्द सतत आढळतात : ‘व्यासंगी’ आणि ‘विक्षिप्त’.

दुसरा शब्द क्षणभर थांबून पाहण्यासारखा आहे. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमी सांगितल्या आहेत : क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध. विक्षिप्त म्हणजे विखुरलेले चित्त, ‘एकाग्र’ या अवस्थेपर्यंत न पोचलेले. मराठीने मात्र हा शब्द वापरला तो बहुधा अशा माणसांसाठी, ज्यांचे चित्त एकाच ठिकाणी रोवलेले होते आणि म्हणूनच जे चारचौघांच्या चालीरीतींत बसत नव्हते. विक्षेप त्यांच्या चित्तात नव्हता. तो पाहणाऱ्यांच्या अपेक्षांत झाला होता. शब्दकोशात पाहू गेल्यास ही एक साधी अर्थच्युती आहे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र ती एका समाजाची साक्ष आहे. एकाग्र माणसाच्या शेजारी राहणे लोकांना किती कठीण जात होते, हे त्या एका शब्दावरून कळते.

राजवाड्यांनी ध्यास घेतला होता, की त्यांना तो लागला होता? चरित्रकार सहसा पहिला पर्याय निवडतात. त्यांनी तसे करण्यापूर्वी कागद पुन्हा एकदा वाचावेत, एवढेच येथे सुचवावयाचे आहे. आणि हेच तेराव्या शतकातील चरित्रग्रंथांना, पेशवाईतील पत्रांना व एकोणिसाव्या शतकातील आत्मवृत्तांनाही लागू आहे. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ किंवा तुळपुळे व फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश उघडून नामाचा अर्थ पाहणे ही पहिली पायरी होय. त्यानंतर त्या नामाबरोबर कोणते क्रियापद आले आहे, मनुष्य कर्त्याच्या जागी आहे की चतुर्थीत, आणि विषय कोणता, या तीन गोष्टींची नोंद ठेवावी. अशा नोंदींचा संग्रह कालानुक्रमे झाला तर मराठी मनुष्याने स्वतःच्या मनावर स्वतःची सत्ता केव्हापासून आणि कितपत मानली, याचा इतिहास लिहिता येईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणाला या विषयाचा छंद लागला, किंवा कोणी तो जोपासला, तर हे काम खात्रीने पुढे जाईल.